थायरॉइड कॅन्सरचं निदान झाल्यावर "किती वर्षं?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कागदात असतं?

टिळकवाडी_पॅथ

गळ्याच्या गाठीचा सुईचा रिपोर्ट (एफएनएसी) हातात आला की घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात. मग कुणी मोबाईलवर शोधतं, ९८ टक्के दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. दुसरा कुणी शोधतो, त्याला १० टक्के दिसतं आणि घरात रडारड. दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या आजारांचे आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, बिदर भागातल्या लोकांसाठी हे मराठीत एका जागी असावं म्हणून धागा काढतोय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी भर घालावी.

सुरुवात सुईच्या रिपोर्टपासून करतो, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. रिपोर्टवर "बेथेस्डा कॅटेगरी ६" असं लिहिलेलं असतं. लोक ते "सहावी स्टेज" असं वाचतात. तसं अजिबात नाही. बेथेस्डा ही १ ते ६ अशी खात्रीची पट्टी आहे. १ म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, २ म्हणजे साधी गाठ, ५ म्हणजे कॅन्सरचा दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या. आजार किती पसरलाय याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. १ सेंटिमीटरची गाठसुद्धा बेथेस्डा ६ असू शकते आणि तिच्यापासून जिवाला धोका जवळजवळ नसतो.

बेथेस्डा ४ आलं तर फॉलिक्युलर प्रकाराची शंका असते (थायरॉइड कॅन्सरच्या चार मुख्य प्रकारांतला हा एक). तो कॅन्सर आहे की साधी गाठ, हे सुईने ठरत नाही. पेशी गाठीच्या आवरणातून किंवा रक्तवाहिनीत घुसल्यात का, ते पाहावं लागतं आणि त्यासाठी गाठ काढूनच तपासावी लागते. त्यामुळे "सुईत नक्की का सांगितलं नाही" म्हणून लॅबवर चिडू नका.

म्हणजे सुईच्या रिपोर्टवरून वर्षांचा आकडा काढता येत नाही. ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीची तपासणी), सोनोग्राफी आणि लागलं तर स्कॅन, आणि पुढे रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन), एवढं जमल्यावर चित्र दिसू लागतं.

मलप्रभा_काठ

आकडे मांडतो. हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीतले, ५ वर्षं जगण्याचे टक्के, ढोबळ आहेत.

पॅपिलरी: दहापैकी आठ रुग्णांना हाच प्रकार असतो. गाठ थायरॉइडपुरती असेल तर ९९ च्या वर, गळ्यातल्या लिम्फ ग्रंथींत गेली असेल तरी ९९ च्या आसपास, फुफ्फुस-हाडात गेली असेल तर ७५ च्या आसपास. फॉलिक्युलर: पहिल्या दोन पायऱ्यांवर जवळपास तसंच, दूर पसरलेला असेल तर ६५ च्या आसपास. मेड्युलरी: थायरॉइडपुरता असेल तर जवळजवळ १००, ग्रंथींत गेला तर नव्वदच्या वर, दूर पसरला तर ४० ते ४५. ॲनाप्लास्टिक: सगळे मिळून १० च्या आत-बाहेर. हा एकूण रुग्णांत एक-दोन टक्केच असतो.

हे आकडे "रिलेटिव्ह सर्व्हायव्हल"चे आहेत. त्याच वयाच्या, हा आजार नसलेल्या लोकांशी तुलना करून काढलेले. ९९ म्हणजे पाच वर्षांनंतर या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण बाकीच्या लोकांच्या जवळपास बरोबरीचं आहे. हार्टने किंवा अपघाताने होणारे मृत्यू त्यात आजाराच्या माथी मारलेले नसतात.

आणि "पाच वर्षं" ही जगण्याची मुदत नव्हे. मोजायला सोयीची म्हणून घेतलेली ती एक खूण आहे. पॅपिलरीचे रुग्ण त्यानंतर तीस-चाळीस वर्षं संसार, शेती, नोकरी सगळं करतात. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम समजावून सांगा, कारण "डॉक्टरनी पाच वर्षं सांगितलीत" असं गल्लीभर पसरायला वेळ लागत नाही.

निपाणी_नाका

एक शंका. रिपोर्टमध्ये स्कॅनला फुफ्फुसात ठिपके लिहिलेत, तरी कागदावर स्टेज २. छापताना चूक झाली असेल का? वय ३८, पॅपिलरी.

मलप्रभा_काठ

चूक नाही. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या दोन प्रकारांत स्टेज ठरवताना वय धरतात. बाकी कुठल्या कॅन्सरमध्ये सहसा असं नसतं. स्टेज ठरवण्याच्या नियमावलीच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ही रेघ ५५ वर्षांवर आहे (आधी ४५ होती). ५५ च्या आत दोनच स्टेज: दूर पसरलेला नसेल तर १, पसरलेला असेल तर २. गळ्यातल्या वीस ग्रंथींत सापडला तरी ३८ वर्षांच्या माणसाची स्टेज १ च.

५५ आणि पुढच्यांना मात्र चार पायऱ्या. ४ सेंटिमीटरपर्यंतची, थायरॉइडच्या आतली गाठ आणि ग्रंथी स्वच्छ, तर १. ग्रंथीत गेली, किंवा गाठ ४ च्या वर, किंवा गळ्याच्या वरच्या पट्टीच्या स्नायूंत उघड घुसली, तर २. श्वासनलिका, अन्ननलिका, स्वरयंत्र किंवा आवाजाच्या नसेत घुसली तर ३. मणक्यापुढच्या पडद्यात किंवा मोठ्या धमनीभोवती गेली, किंवा दूर पसरली, तर ४.

या पद्धतीत १० वर्षांत याच आजाराने मृत्यू न येण्याचं प्रमाण असं धरतात: स्टेज १ ला ९८ ते १००, स्टेज २ ला ८५ ते ९५, स्टेज ३ ला ६० ते ७०, स्टेज ४ ला ५० च्या खाली.

तरुण वयात फुफ्फुसातले बारीक ठिपके बहुतेक वेळा किरणोत्सारी आयोडीन (थायरॉइडच्या पेशी आतून मारणारं औषध) ओढून घेतात, त्यामुळे उपचार लागू पडतो. लहान मुलांतही हेच दिसतं: निदानाच्या वेळी आजार जास्त पसरलेला आणि तरी निकाल फार चांगला. तुमच्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरना नेमका हा प्रश्न विचारा: "ठिपके आयोडीन घेतात का?" स्टेजच्या आकड्यापेक्षा त्या उत्तराला जास्त वजन आहे.

गळ्याचा_धागा

स्टेजवर सगळे अडकतात म्हणून हे लिहिते. स्टेज सांगते की या आजाराने जीव जाण्याची शक्यता किती. आजार परत येईल का, हा वेगळा प्रश्न, आणि स्टेज त्याचं उत्तर देत नाही. त्यासाठी "रिस्क" पाहतात: लो, इंटरमीजिएट, हाय. पॅपिलरीत बऱ्याच जणांना पुढे कधीतरी गळ्यातल्या एखाद्या ग्रंथीत आजार पुन्हा दिसतो, कधी वीस वर्षांनीही. ती ग्रंथी काढतात आणि माणूस पुढे जगतो. परत येणं म्हणजे शेवट नव्हे, हे या आजारात जितकं खरं आहे तितकं फार थोड्या कॅन्सरांत असेल.

रिस्क ठरते हिस्टोपॅथॉलॉजीच्या कागदावरून. त्यातल्या ओळी अशा वाचा.

उपप्रकार: क्लासिकल असेल तर बरं. टॉल सेल, हॉबनेल हे जास्त चिवट. गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये. थायरॉइडबाहेर गेली का: फक्त सूक्ष्मदर्शकात दिसणारं बाहेर जाणं आता स्टेज वाढवत नाही, सर्जनला डोळ्यांनी दिसलेलं वाढवतं. रक्तवाहिनीत शिरकाव: फॉलिक्युलरमध्ये ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. चार किंवा जास्त वाहिन्यांत दिसला तर धोका वरच्या गटात जातो. मार्जिन: कापलेल्या कडेवर पेशी राहिल्या का. ग्रंथी: किती काढल्या, किती बाधित, सगळ्यात मोठा ठिपका किती मिलिमीटरचा, आणि ग्रंथीचं कवच फुटून बाहेर गेलाय का. पाच किंवा कमी ग्रंथींत २ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके असतील तर ते लो रिस्कमध्येच धरतात.

यातली एखादी ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर लॅबमध्ये जाऊन मागा. तयार स्लाइड पुन्हा बघून लिहून देता येतं, नवीन कापाकापी लागत नाही.

एक जोडते. "नॉन-इनव्हेजिव्ह" आणि "पॅपिलरीसारखी केंद्रकं" असं लांबलचक नाव असलेल्या एका आवरणबंद गाठीला २०१६ पासून कॅन्सर म्हणणंच बंद केलंय. जुना रिपोर्ट असेल तर आपली गाठ त्यातली होती का, ते विचारून घ्या.

खानापूर_जंगलपट्टी

मग सगळ्यांना ऑपरेशन लागतंच का? १ सेंटिमीटरच्या आतली गाठ असली तर?

गळ्याचा_धागा

लागतंच असं नाही. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून अशा गाठी न कापता फक्त सोनोग्राफीवर सांभाळल्या. १,२३५ रुग्णांच्या अहवालात १० वर्षांत सुमारे ८ टक्के गाठी वाढल्या, सुमारे ४ टक्क्यांना ग्रंथीत दिसला, आणि या आजाराने मृत्यू एकही नाही. ज्यांच्या गाठी वाढल्या त्यांची नंतर ऑपरेशनं झाली, तीही व्यवस्थित.

पण अटी आहेत: गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटलेली नको, ग्रंथी स्वच्छ हव्यात, आणि सुरुवातीला दर सहा महिन्यांनी चांगल्या माणसाकडून सोनोग्राफी व्हायला हवी. गावातून शहरात तपासणीला येणं जमणारच नसेल तर हा मार्ग धरू नका. मधेच तपासणी सुटली की सांभाळण्याचा अर्थच जातो.

लॅब_काउंटर

थायरोग्लोब्युलिनबद्दल (टीजी) लिहितो, कारण आमच्याकडे येणारे अर्धे लोक हा आकडा चुकीचा वाचतात.

पूर्ण थायरॉइड काढून आयोडीन दिलं असेल, तर टीजी बनवणारी पेशीच उरायला नको. म्हणून थायरॉक्सिनची गोळी चालू असताना ०.२ च्या खाली, किंवा टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं हार्मोन) वाढवून तपासल्यावर १ च्या खाली, आणि सोनोग्राफी स्वच्छ, याला "एक्सलंट रिस्पॉन्स" म्हणतात. तिथे आजार परत येण्याची शक्यता १ ते ४ टक्के. सुरुवातीला हाय रिस्क असलेलाही इथपर्यंत आला तर त्याचा अंदाज बराच सुधारतो. दर भेटीला अंदाज नव्याने मांडतात, पहिल्या दिवशीचा शिक्का कायम राहत नाही.

टीजी थोडं जास्त, पण स्कॅनमध्ये काही दिसत नाही, अशांनी घाबरू नये. यातले निदान ३० टक्के पुढचा काही उपचार न करता आपोआप खाली येतात, आणि या गटात आजाराने मृत्यू एक टक्क्याच्याही आत आहेत. ज्यांच्या स्कॅनमध्ये गाठ दिसते त्यांचा अंदाज वेगळा.

आता कुठे चुकतं ते. सोबत अँटी-टीजी अँटीबॉडी (शरीराने टीजीविरुद्ध बनवलेलं प्रथिन) तपासली नाही तर टीजीचा आकडा बिनकामाचा. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला ही अँटीबॉडी असते आणि ती टीजी खोटं कमी दाखवते. अशा वेळी अँटीबॉडीचाच आकडा वर्षागणिक उतरतोय का ते बघायचं. टीएसएच त्याच रक्तातून करा, कारण टीएसएच वाढलं की टीजीही वाढतं. दर वेळी तीच लॅब, तेच मशीन. एकदा बेळगावात, एकदा कोल्हापुरात, असं केलं तर फरक आजाराचा की मशीनचा ते कळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरना सांगा आणि तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर जास्त. आणि ऑपरेशननंतर लगेच टीजी करू नका, सहा ते बारा आठवडे जाऊ द्या.

अर्धीच थायरॉइड काढली असेल तर टीजी शून्य येणारच नाही. उरलेली अर्धी ते बनवते.

अनगोळ_न्यूक्लियर

किरणोत्सारी आयोडीनबद्दल. आयुष्य वाढवायला ते सगळ्यांना लागतं हा समज आता मागे पडलाय. लो रिस्कमध्ये न देता नुसतं तपासत राहिलं तरी तीन वर्षांचा निकाल तेवढाच चांगला, हे फ्रान्सच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं. द्यायचंच ठरलं तर अशा रुग्णांना ३० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) पुरतं. इंटरमीजिएट-हायला १०० ते १५०, दूर पसरलेल्याला त्याहून जास्त. खरा फायदा याच शेवटच्या गटांना. ३० च्या वर डोस असेल तर वेगळ्या खोलीत दाखल व्हावं लागतं. अशी सोय प्रत्येक कॅन्सर हॉस्पिटलात नसते, म्हणून निघण्याआधी फोन करून "न्यूक्लियर मेडिसिन आहे का, आयसोलेशन खोली कधी मिळेल" हे दोन्ही विचारा.

तयारी बिघडली तर डोस वाया जातो. टीएसएच ३० च्या वर हवं, त्यासाठी थायरॉक्सिनची गोळी तीन-चार आठवडे बंद, तीही डॉक्टरनी सांगितल्यावरच. किंवा टीएसएच वाढवायची दोन इंजेक्शनं, जी महाग पडतात. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर डोस काही आठवडे पुढे जातो, कारण त्या द्रव्यात आयोडीनच भरलेलं असतं. सर्जनला आणि न्यूक्लियरवाल्यांना स्कॅनची तारीख सांगाच.

एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण. आपल्याकडे पथ्य मोडतं ते मिठात. आयोडीन नसलेलं मीठ पाकीट वाचून घ्या, सैंधव म्हणून मिळणाऱ्या काही पाकिटांतही आयोडीन मिसळलेलं असतं. हॉटेलचं, बेकरीचं, फरसाण, लोणचं, पापड बंद. कारवारकडची मासळी, सुकी मासळी बंद. दूध, दही, अंड्याचा बलक बंद, म्हणजे कुंदाही बंद. ज्वारीची भाकरी, भात, डाळी, ताज्या भाज्या, फळं चालतात.

घरी येताना भरलेल्या बसने येऊ नका. गाडी असेल तर मागच्या सीटवर, चालकापासून लांब बसा. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं ते डोसवर ठरतं, डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. बायकांनी नंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईला हा डोस देत नाहीत; पाजणं निदान सहा आठवडे आधी थांबवावं लागतं आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही.

मलप्रभा_काठ

मेड्युलरीवर कुणी बोललं नाही म्हणून. त्याचा थायरॉक्सिन बनवणाऱ्या पेशींशी संबंध नाही, त्यामुळे आयोडीनचा डोस आणि टीजी दोन्ही निरुपयोगी. इथे कॅल्सिटोनिन आणि सीईए (या गाठीतून रक्तात येणारे दोन पदार्थ) मोजतात. अंदाज बांधताना नुसता आकडा पुरत नाही, तो दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते पाहतात. दोन वर्षांहून जास्त लागत असतील तर चित्र चांगलं, सहा महिन्यांच्या आत दुप्पट होत असेल तर काळजीचं. म्हणून तारखेसह सगळे जुने रिपोर्ट एका फाईलला लावा.

चारपैकी साधारण एका रुग्णात हा आनुवंशिक असतो. प्रत्येक मेड्युलरी रुग्णाची आरईटी जनुकाची तपासणी व्हायला हवी. दोष सापडला तर भावंडं आणि मुलं यांचीही. मुलांमध्ये आजार सुरू होण्याआधी थायरॉइड काढली तर तो टळतो. लग्न जुळवताना अडचण येईल म्हणून हे घरात लपवतात, ते करू नका, यात पोराचा जीव आहे. आणि ऑपरेशनआधी ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीची तपासणी झालीच पाहिजे. ती गाठ असताना भूल दिली तर रक्तदाब भडकून टेबलावरच धोका होतो.

गळ्याचा_धागा

ॲनाप्लास्टिकबद्दल स्पष्ट लिहिते, कारण गोलगोल बोलून वेळ जातो. गाठ आठवड्या-आठवड्याला वाढतेय, आवाज बसलाय, गिळताना-श्वास घेताना त्रास, वय बहुतेक साठीपुढचं: ही लक्षणं असतील तर एकही दिवस वाया घालवायचा नाही. याची स्टेज कायम ४ च असते आणि बहुतेकांच्या हातात काही महिनेच असतात. पहिल्याच बायॉप्सीवर बीआरएएफ व्ही६००ई (गाठीतला एक जनुकबदल) तपासणी मागा. ती पॉझिटिव्ह आली तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी काहींमध्ये गाठ झपाट्याने आकसवते, ऑपरेशन शक्य होतं आणि आयुष्य वाढतं. सोबत श्वासनलिका आणि वेदना यांची काळजी घेणारी टीम पहिल्या दिवसापासून हवी. श्वासासाठी गळ्यात नळी घालायची का, हे माणूस शुद्धीवर असताना त्याच्याशीच बोलून ठरवा.

पॅपिलरीवाल्यांनी हे वाचून घाबरू नये. तुमच्याकडे चांगला सर्जन शोधायला काही आठवडे आहेत. फक्त झाडपाल्यात वर्ष घालवू नका. श्वासनलिकेपर्यंत पोचलेली गाठ काढणं आणि आतली काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चिकोडी_फाटा

कागद आणि पैसे यांवर थोडं. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाची मर्यादा. आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते न घेता थेट खासगीत दाखल झालात तर मंजुरी अडते. मिरज-कोल्हापूरकडे जायचं असेल तर आपलं नाव आयुष्मानच्या केंद्राच्या यादीत आहे का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी बघा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. तिच्या भरवशावर निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी फोनवर बोला आणि गावाचं नाव सांगून खात्री करा.

दुसरं मत घ्यायला मुंबईच्या टाटा किंवा बेंगळुरूच्या किदवई कॅन्सर हॉस्पिटलला जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात जपलेले) दोन्ही लागतात. लॅबमधून पोच देऊन घ्या, नंबर रिपोर्टशी जुळतो का बघा. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. रेल्वेत उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री-एसीला कॅन्सर रुग्णाला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासह घ्या.

निपाणी_नाका

मनापासून आभार. थायरॉक्सिनच्या गोळीबद्दल कुणी सांगेल का? रोज सकाळी चहाबरोबर घेतली जाते.

अनगोळ_न्यूक्लियर

दादा, चहाबरोबर नको. उपाशीपोटी पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी. या कारणाने टीएसएच वर गेलेलं खूप दिसतं आणि मग डोस उगाच वाढवला जातो. फुफ्फुसात आजार असलेल्याचं टीएसएच सहसा ०.१ च्या खाली ठेवतात, इंटरमीजिएटला ०.१ ते ०.५, आणि लो रिस्कला ०.५ ते २ चालतं. लो रिस्कच्या म्हाताऱ्या माणसाला उगाच दाबून ठेवलं तर छातीचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलेलं असतं. हातपाय वळले तर वाट न बघता दवाखाना गाठा.

लॅब_काउंटर

आणि तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, गोळी नंतर घ्या. दर वेळी हाच क्रम ठेवला की आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवताना त्या वेळी गोळी किती मायक्रोग्रॅमची चालू होती तेही सोबत लिहा.